थडग्याचे उरलेले तीन भाग

विचारा बाईंना : जुने संगणक, जुने खेळ

या महिन्याच्या टपालात थडगीच थडगी आली. पहिले पत्र वाचून मी टेबलावरचा चहा निवू दिला, म्हणून त्याचे उत्तर लांबले आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : बाई, १९९३ च्या चवथीच्या सुटीत मी आणि माझा मावसभाऊ एक खेळ खेळायचो. टोपीवाला माणूस, पिरॅमिड, खाली टोकदार खिळे, उडी चुकली की मेला. खरे नाव दोघांनाही आठवत नाही, आम्ही त्याला 'थडगें' म्हणायचो. मी म्हणतो, खेळ काळ्यावर हिरवा होता. मावसभाऊ देवाची आण घेऊन सांगतो की गुलाबी आणि आकाशी होता. मी म्हापशाला क्लासात खेळायचो, तो मडगावला त्याच्या काकाच्या ऑफिसात. शिवाय एक भाग संपला की खेळ पैसे मागायचा. पुढे काय होते? आणि आमची फ्लॉपी चोरीची होती का?
— सांखळीहून एक वाचक

उत्तर : तुमचे 'थडगें' म्हणजे 'फॅरोज टूम'. डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर चालणारा, १९९० सालचा. जॉर्ज ब्रूसार्डने लिहिला आणि टेक्सासच्या गार्लंड गावातल्या अपॉजी कंपनीने बाहेर काढला. तुमच्या टोपीवाल्याचे नाव नेवाडा स्मिथ. धंदा पुराणवस्तू शोधण्याचा, पण त्याला शोधायला वेळ कुठे, सगळा जन्म उड्या मारण्यात गेला.

रंगाचे भांडण मिटवा, कारण दोघेही खरे बोलताय. खेळ लिहिला होता सीजीए कार्डासाठी, म्हणजे संगणकाच्या पोटात बसून पडद्यावर रंगीत चित्र काढणाऱ्या जुन्या पाटीसाठी. त्या कार्डावर मेमरी १६ किलोबाइट. पडद्यावर आडवे ३२० ठिपके आणि उभे २००, म्हणजे ६४,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला दोन बिट दिले की झाले १६,००० बाइट. पिशवी गळ्यापर्यंत भरली. दोन बिटांत चारच रंग मावतात, त्यातला एक काळा. उरलेले तीन तुमच्या मावसभावाने पाहिले: आकाशी, भडक गुलाबी आणि पांढरा. इजिप्तच्या वाळूचा रंग त्या संचात नव्हताच. म्हणून ते थडगे नरकासुराच्या रात्री रोषणाई केल्यासारखे दिसायचे.

तुम्ही मात्र बहुधा माझ्याकडच्यासारख्या क्लासात खेळलात. माझा क्लास म्हापशाच्या बाजाराला लागून, पहिल्या मजल्यावर. आधी नुसते टंकलेखन, १९९१ पासून पाच संगणक. पाचांनाही हर्क्युलस नावाचे एकरंगी कार्ड आणि हिरवा मॉनिटर, कारण अक्षरे बघायला त्याच्यासारखे दुसरे नव्हते: ७२० बाय ३४८ ठिपके, 'ए' कसा कोरून काढल्यासारखा. पण सीजीएचा खेळ त्याच्यावर सुरूच होत नसे. त्यावर पोरांनी उपाय काढला होता. सिमसीजीए नावाचा एक एवढासा प्रोग्राम होता. तो आधी चालवला की हर्क्युलस कार्ड सीजीएचे सोंग घ्यायचे. मग गुलाबीच्या जागी हिरवी जाळी, आकाशीच्या जागी जरा विरळ हिरवी जाळी. खेळ चालायचा, माणूस उडी मारायचा, खिळ्यांवर पडायचा, सगळे हिरव्यात.

मी तो प्रोग्राम शुक्रवारी पाचही मशीनवरून पुसून टाकायचे. सोमवारी तो परत हजर. दोन महिन्यांनी उलगडा झाला: पोरांनी त्याचे नाव बदलून 'लेजर', म्हणजे खातेवही, ठेवले होते आणि हिशेबाच्या डिरेक्टरीत टाकला होता. मी स्वतःच रोज त्याची बॅकअप घेत होते.

आता चोरीचे. नाही, चोरीची नव्हती. आणि याचे मला अजून हसू येते, कारण त्या काळी म्हापशात फिरणाऱ्या फ्लॉप्यांत कायद्याला धरून असलेली तेवढी एकच असेल. अपॉजीच्या स्कॉट मिलरने १९८७ मध्ये 'क्रोझ' या खेळापासून एक युक्ती काढली होती. खेळाचे भाग पाडायचे. पहिला फुकट, हवा तेवढा कॉपी करा, शेजाऱ्याला द्या. गोडी लागली की उरलेल्या भागांचे पैसे पाठवा. 'फॅरोज टूम'चे भाग चार, प्रत्येकात २० खोल्या. म्हणजे ८० पैकी २० खोल्या आपण बघितल्या आणि तेवढेच थडगे आहे असे समजून चाललो.

पैसे पाठवायचे कसे? रुपये चालत नव्हते. डॉलर तेव्हा ३१ रुपयांच्या घरात आणि परकीय चलनाला फेरा कायद्याचा पहारा. बँकेत जाऊन 'थडग्याचा दुसरा भाग हवा, थोडे डॉलर द्या' असे सांगायची छाती म्हापशात कोणाची नव्हती. माझ्या क्लासातल्या एका पोराने मात्र खटपट केली. त्याचा मामा तारवटी, मालवाहू बोटीवर. पोराने गार्लंडचा पत्ता पडद्यावरून वहीच्या कागदावर उतरवला, मामाच्या पाकिटात घातला. मामा नऊ महिन्यांनी घरी आला. चॉकलेटे आणली, अत्तर आणले, पोराच्या आईला मिक्सर आणला. खेळाचे विचारल्यावर म्हणाला, "अरे बाबा, टेक्सासच्या बंदराला बोट लागली होती चार दिवस. पण तुझ्या गार्लंडला दर्या नाही रे!"

खरेच नाही. ते डॅलसच्या बाजूला, चांगले आत आहे.

पुढे काय होते, हा तुमचा शेवटचा प्रश्न. कंपनीने २००९ मध्ये चारही भाग फुकट खुले केले. तेव्हा मी क्लास बंद करून घरी बसले होते. तो पावसाळा मी उरलेल्या तीन भागांवर घालवला, डॉसबॉक्स लावून. डॉसबॉक्स म्हणजे नव्या संगणकाला जुन्या डॉसचे सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. (तुम्हालाही खेळायचा असेल तर डॉसबॉक्सच लागेल. नव्या मशीनवर जुना खेळ उधळला तर कंट्रोल आणि एफ-११ दाबा, वेग उतरतो. कंट्रोल आणि एफ-१२ ने चढतो.) खरे सांगायचे तर, तेच खिळे, त्याच विटा, खोल्यांची मांडणी तेवढी वेगळी. दुसऱ्या भागात एकदोन ठिकाणी मी 'व्वा' म्हटले. चौथ्याच्या मध्यावर सोडून दिला. ज्या पोराच्या मामाला दर्या सापडला नव्हता तो आता दुबईला असतो. त्याला मी चारही भाग मेलने पाठवले. त्याचे उत्तर आले ते खेळाबद्दल नव्हतेच. त्याने विचारले, "बाई, सिमसीजीए आहे का? रंगात बघवत नाही."

प्रश्न : माळ्यावर जुन्या फ्लॉप्यांचा डबा सापडला. वर पांढरी बुरशी आहे. त्यात खेळ असावेत. ड्राइव्हमध्ये घालून बघू का?
— पेडण्याहून एक वाचक

उत्तर : नको! एक बुरशीची फ्लॉपी ड्राइव्हच्या हेडला बुरशी लावते आणि मग तो हेड चांगल्या फ्लॉप्याही खरवडतो. आपल्या चार महिन्यांच्या पावसाने माझ्या निम्म्या फ्लॉप्या अशाच खाल्ल्या. मी त्या तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिल्या, तांदूळ तेवढे वाया गेले. साडेतीन इंचीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह अजून मिळतो, सव्वापाच इंचीला वेगळे कार्ड आणि जाणता माणूस लागतो. आत घरचे काही लिहिलेले असेल तरच एवढा व्याप करा. नुसते खेळ असतील तर ते बहुतेक दुसरीकडे जिवंत आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. त्याला नवे खेळ नकोत, जुन्या चालीचे गुहा-थडग्यांचे हवेत. एकाच जागी तीस-तीस वेळा मरतो आणि परत पहिल्यापासून. मी म्हणते, यातून काय मिळते? तो म्हणतो, आई, तुला कळत नाही. कळत नाही हे खरेच. कोणते खेळ द्यावेत, तेही सांगा.
— कुडचड्याहून एक आई

उत्तर : ताई, तो कसा मरतो ते आधी दोन दिवस शेजारी बसून बघा. मरण्याचे प्रकार आहेत आणि त्यावरून खेळाची जात कळते.

पहिला प्रकार 'रिक डेंजरस'चा. १९८९, इंग्लंडातल्या डर्बीच्या कोअर डिझाइनचा. (याच लोकांनी पुढे १९९६ मध्ये 'टूम रेडर' काढला.) सुरुवात अशी: रिक गुहेत उतरतो, तुम्ही अजून बटणे चाचपताय, आणि मागून गोल धोंडा गडगडत येतो. पळायचे हे कळेपर्यंत चिरडलात. पुढे भिंतीतून भाला येतो, पण तो भाला तिथे आहे हे मेल्याशिवाय समजायला मार्ग नाही. सहा जीव, सहा गोळ्या, सहा सुरुंग. हा खेळ पाठांतराचा आहे, पाढ्यांसारखा. माझ्या मते यात थोडा खोडसाळपणाही आहे. मास्तरांनी न शिकवलेले विचारावे आणि वर छडी मारावी, तसा.

दुसरा 'स्पेलंकी'. डेरेक यूने २००८ मध्ये फुकट सोडला. दिसायला जुना, पण पोटात वेगळा: दर डावाला गुहा नव्याने रचली जाते. कालची वाट आज नाही, त्यामुळे पाठांतर शून्य कामाचे. नियम तेवढे तेच. सोन्याची मूर्ती उचलली की धोंडा सुटणार, बाण त्याच्यासमोरून काहीही हलले की सुटणार. म्हणून मुरलेला पोरगा आधी एक दगड टाकतो, बाण वाया घालवतो, मग उतरतो. फार रेंगाळलात तर भूत येते. तुमचा मुलगा या खेळात तीस वेळा मरत असेल तर तो तीस वेगळ्या गुहांत मरतोय. तो राग वेगळा असतो, त्यात थोडे हसूही असते.

तिसरा 'ला-मुलाना'. हा माझा लाडका. जपानी मंडळींनी २००५ मध्ये मुद्दाम जुन्या एमएसएक्स संगणकाच्या थाटात केला: तसेच रंग, तसेच सूर. नायक लेमेझा, हातात चाबूक, सोबतीला छोटा संगणक. कर्त्याचे नाव नारामुरा. आता हे नाव अक्षर-अक्षर उलटे वाचा: रा-मु-रा-ना. जपानीत 'र' आणि 'ल' एकच, म्हणून ला-मुलाना! पठ्ठ्याने आपलेच नाव उलटे करून भग्नावशेषाला दिले. या खेळात हात कमी आणि वही जास्त चालते. एका कोपऱ्यातल्या शिळेवर एक ओळ लिहिलेली असते आणि तिचा उपयोग होतो दुसऱ्याच टोकाला, पाच दिवसांनी. न लिहिता खेळणारा अडकलाच. मी दोनशे पानी वही संपवली, तरी एका ठिकाणी हरले आणि नातवाला विचारले. त्याने माझीच वही उघडून पान बारावर बोट ठेवले.

तुमच्या मुलाला याच क्रमाने देऊ नका. आधी 'स्पेलंकी'. 'ला-मुलाना' नववीच्या पुढे, हातात वही धरायची सवय असेल तर. 'रिक' मामाच्या घरी, एखाद्या संध्याकाळी, गंमत म्हणून. आणि तीस वेळा मरून तो ओरडत असेल तर जेवायला बोलवा; 'परत पहिल्यापासून' असे पुटपुटत असेल तर पाच मिनिटे थांबा, भात निवत नाही तेवढ्यात.

प्रश्न : मी फर्मागुडीला इंजिनियरिंगला आहे. प्रोजेक्टसाठी वाचताना सारखे एकाच जुन्या खेळाचे नाव येते, 'मॉन्टेझुमाज रिव्हेंज'. संगणकाला बुद्धिबळ जमते, मग हा १९८४ चा खेळ का जमत नव्हता? सरांनी सांगितले ते डोक्यावरून गेले.
— एक विद्यार्थी

उत्तर : पहिली खोली नीट बघ, सगळे तिथेच आहे. रॉबर्ट जेगरने हा खेळ लिहिला तेव्हा तो १६ वर्षांचा होता, तुझ्याहून लहान. अझ्टेक पिरॅमिड आहे. पनामा जो मधल्या उंच फळीवर उभा आहे. डावीकडे, त्याच्या डोळ्यांसमोर किल्ली लटकते आहे. पण थेट उडी मारली तर मरतो. शिडीने खाली उतरायचे, उजवीकडच्या दोरीवर झेप घ्यायची, तिथून उजव्या कट्ट्यावर, शिडीने तळाला, मग डावीकडे चालत यायचे. वाटेत एक कवटी घरंगळत येते, तिच्यावरून उडी. डावी शिडी चढायची आणि किल्ली. तेव्हा कुठे १०० गुण मिळतात. तोपर्यंत शून्य.

तू हे तीनचार प्रयत्नांत करशील, कारण किल्ली पाहिली की ती उघडायच्या कामाची हे तुला आईच्या कमरेचा जुडगा ओढत होतास तेव्हापासून ठाऊक आहे. यंत्राला ती म्हणजे काही पिवळे ठिपके. २०१५ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने एकाच प्रोग्रामला अटारी या जुन्या खेळयंत्राचे ४९ खेळ शिकायला लावले. तो आधी वाटेल ती बटणे दाबतो, गुण मिळाले तर तसे पुन्हा करतो. चेंडू-विटांच्या खेळात दर दोन सेकंदांनी गुण पडतात, तिथे तो माणसांच्या पुढे गेला. मॉन्टेझुमात वाटेल ती बटणे दाबत दोरी, कट्टा, कवटी, शिडी असे सगळे ओळीने जुळून येणे, आणि मधे एकदाही न मरणे! त्याचा आकडा आला शून्य.

बुद्धिबळाशी तुलना इथेच फसते. बुद्धिबळात डाव संपतो आणि हार, जीत की बरोबरी ते कळतेच. शिकायला काहीतरी पदरी पडते. थडग्यात नुसतेच मरण, आणि ते कशामुळे हे सांगणारे कोणी नाही.

२०१८ मध्ये ओपनएआयच्या लोकांनी गुणांबरोबर कुतूहलालाही बक्षीस लावले. जे दृश्य यंत्राला आधी ओळखता येत नाही, तिथे पोचल्याबद्दल शाबासकी. मग ते नव्या खोलीच्या हव्यासाने पुढे सरकू लागले. तुझ्या प्रोजेक्टमध्ये हा भाग घे, पण आधी खेळ स्वतः खेळ आणि किती वेळा मेलास ते लिहून ठेव. तो आकडा अहवालात छान दिसेल.

प्रश्न : आम्ही शाळेत मुलांकडून एक साधा खेळ करून घेतोय, उड्या मारत जाण्याचा. सगळ्या मुलांनी पिरॅमिडच काढले! गोव्यातले काही घेता येईल का? थडगे नसले तरी चालेल.
— केप्याहून एक शिक्षिका

उत्तर : अहो, तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे की! कुशावतीच्या काठी, रिवणच्या बाजूला उसगाळीमळ. नदीकाठच्या जांभ्या दगडावर कोरलेले बैल, हरणे, माणसे, आणि एक गोल चक्रव्यूह. १९९३ पर्यंत बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. गावच्या लोकांना होताच.

मी नातवाला घेऊन गेले होते. दुपारची वेळ, ऊन डोक्यावर, आणि दगडावर काहीच दिसेना. नुसता तांबडा कातळ. तिथल्या एका माणसाने हसून बादलीभर पाणी आणले आणि हलक्या हाताने ओतले. रेघांत पाणी साचत गेले तसा एक बैल उठला. मग त्याच्या शेजारी दुसरा. चक्रव्यूहावर पाणी ओतले तेव्हा एकेक वळण भरत गेले, ते बघत नातू उकिडवा बसून राहिला.

तुमच्या मुलांना हेच द्या: पडदा सुरुवातीला कोराच, हातात पाण्याची कळशी, आणि जिथे ओताल तेवढीच वाट दिसणार. कळशी मोजकी ठेवा म्हणजे कुठे ओतायचे याचा विचार करावा लागेल. चक्रव्यूहाबद्दल एक धोक्याची सूचना. अशा जुन्या कोरीव चक्रव्यूहांना बहुधा फाटे नसतात. एकच वाट वळत-वळत मध्यावर जाते. त्यात वाट चुकण्याची गंमत नाही. म्हणून तो कोडे म्हणून वापरू नका, पाठलाग म्हणून वापरा: मागून पाणी चढतेय, पुढे वळणे संपत नाहीत.

मुलांना घेऊन जाणार असाल तर पाऊस सरल्यावर जा, नदी उतरली की. आणि बादली घरून न्या. माझ्या नातवाने परतीच्या बसमध्ये विचारलेला प्रश्न तुमच्या मुलांपुढे ठेवते, मला उत्तर देता आलेले नाही: "आजी, खिळे कुठे ठेवायचे?"